एकही हरकत आली नाही

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मित्रांना नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती, तर ही वेळच आली नसती. सुरुवात मात्र कोथिंबिरीपासून करावी लागेल.

आमचा एक समूह आहे. लहान वाचनालयांसाठी आम्ही मिळून एक सॉफ्टवेअर करतो. कोणतं पुस्तक कुणाकडं गेलंय, कधी परत येणार, एवढंच ते सांगतं. ते कुणाच्या मालकीचं नाही. कुणीही घ्यावं, कुणीही उघडून दुरुस्त करावं. मराठवाड्यातले ग्रंथपाल, चार-दोन प्रोग्रामर, आणि इथं संभाजीनगरात बसून सगळ्यांची मेलिंग लिस्ट सांभाळणारा मी. मेलिंग लिस्ट म्हणजे काय, तर एका पत्त्यावर मेल टाकली की ती सगळ्यांना पोचते. सगळ्यांना. आणि गेलेली परत येत नाही.

बायको शिक्षिका आहे. शाळेत फोन कपाटात ठेवावा लागतो, म्हणून ती तिथल्या संगणकावरून मला मेल करते. एका दुपारी मी तिला उत्तर लिहिलं — ‘कोथिंबीर आणतो, आईच्या गुडघ्याचं तेलपण आणतो, सकाळचा राग सोड ना राणी’ — आणि ते लिस्टवर धाडलं. बीडपासून नांदेडपर्यंतच्या ग्रंथपालांना कळलं, की आमच्याकडं सकाळी भांडण झालंय.

पहिलं उत्तर नईम सरांचं आलं. ‘मोहनभाऊ, कोथिंबीर शहागंजात ताजी मिळते. राग मात्र घरी जाऊनच उतरवावा लागेल.’ सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगू? आत कुठंतरी लागलं. पुढं प्रत्येक मेळाव्यात कुणीतरी विचारायचंच, कोथिंबीर मिळाली का? फोरमवर, म्हणजे सगळ्यांनी येऊन लिहायच्या संकेतस्थळावर, लिहिलेलं पुसता येतं, ही गोष्ट मला तेव्हापासून फार आवडायला लागली. लिस्ट बंद करून सगळ्यांना फोरमवर न्यायचं मी मनात धरलं. एवढ्या मोठ्या बदलाचं मूळ इतकं क्षुद्र असू शकतं का? असू शकतं. लोकांना मी वेगळंच सांगितलं. मेलमध्ये जुनं काही सापडत नाही, तरुण पोरं मेल वाचत नाहीत. तेही खरंच होतं, म्हणून तर कुणाला संशय आला नाही.

नईम सर म्हणजे शहागंजातल्या एका शाळेचे निवृत्त ग्रंथपाल. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली. त्यांचा संगणक मेल मोठ्यानं वाचायचा, ते ऐकायचे आणि बोटांच्या सवयीनं उत्तर टाइप करायचे. कुठल्याही गावातून प्रश्न येऊ द्या — पुस्तक हरवलं, नोंद कशी काढू? — चहा निवायच्या आत सरांचं उत्तर हजर. ‘आता माझं वाचनालय म्हणजे ही लिस्ट,’ असं ते मला एकदा म्हणाले होते. म्हणजे मला माहीत होतं. हे विसरू नका — मला माहीत होतं.

आमच्यात मतदान नसतं. प्रस्ताव लिस्टवर टाकायचा आणि सात दिवस थांबायचं. हरकत आली नाही तर मंजूर. एकाचीही आली, तर थांबायचं, बोलायचं, वाट काढायची. हा नियम सरांनीच सुचवलेला.

मी फोरमचा प्रस्ताव टाकला. आणि टाकण्याआधीच औरंगपुऱ्यात हॉल ठरवला, आठव्या दिवशीचा मेळावा जाहीर केला, ‘आपलं नवं घर’ असा बॅनरही छापला. निकाल आधी, सुनावणी मागाहून.

सहाव्या दिवशी एक पत्र आलं. अनोळखी पत्त्यावरून आलेलं पत्र लिस्टवर थेट जात नाही. ते अडतं, आणि मी सोडल्याशिवाय पुढं सरकत नाही. अडलेली पत्रं दिसतात फक्त मला. सरांचा पासवर्ड चालेना, म्हणून त्यांनी सुनेच्या पत्त्यावरून धाडलं होतं.

‘फोरमवर नाव नोंदवायला गेलो,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘दारातच चित्रं दाखवून विचारतात, यात बस कुठं आहे? मला बस दिसत नाही, हे त्याला कसं सांगू? सुनेनं ते करून दिलं, पण आत गेल्यावर माझा संगणक गोंधळतो. कोण कुणाला काय बोललं, कळत नाही. माझी हरकत नोंदवा. कायमची नाही. एक महिना द्या, मिळून रस्ता काढू.’

एक महिना. बस, एवढंच.

मी ते दोनदा वाचलं. सोडायचं बटण समोर होतं. मी चहा प्यायला गेलो. परत आलो, दुसरं काम काढलं. उद्या सोडू, म्हटलं. सातव्या दिवशी मी ती खिडकी उघडलीच नाही. पाहिलं नाही म्हणजे आलंच नाही, असं मानणारा पन्नाशीचा बाप्या तुम्ही पाहिलाय का? तो त्या दिवशी बॅनरला दोऱ्या बांधत होता.

आठव्या दिवशी माइक हातात घेऊन मी म्हणालो, “एकही हरकत आली नाही. सर्वानुमते मंजूर!” टाळ्या पडल्या. घरी येऊन मी ते पत्र कायमचं काढून टाकलं आणि लिस्ट बंद केली.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. “मोहनभाऊ, माझं पत्र पोचलं नाय का?”

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, “नाही सर. कुठंतरी अडकलं असेल.”

सर म्हणाले, “असंल. माझीच गलती. सुनेच्या पत्त्यावरून धाडलं. अन् हरकत घ्यायची तर पहिल्याच दिवशी घ्यावी माणसानं, सहा दिवस कशाला बसलो?”

मी ‘हो’ म्हणालो. ऐकलंत ना — त्यांच्या चुकीला मी हो म्हणालो! फोरमवर आपल्यासाठी काही करता आलं तर बघा, असंही ते म्हणाले. बघतो, म्हटलं. बघितलं नाही. ती गोष्ट काढली असती तर कुणीतरी विचारलं असतं, सरांनी आधीच का नाही सांगितलं?

फोरमवर आता प्रश्न येतात आणि तसेच पडून राहतात. कुणीतरी एकदा विचारलं, नईम सर दिसत नाहीत? मी लिहिलं, ‘वयोमानानं थांबले असावेत.’ फोरमवरचं पुसता येतं. ते वाक्य मी अजून पुसलेलं नाही.

परवा गुलमंडीत सर दिसले. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालले होते. मी कडेनं सटकणार होतो. होय, ज्यांना दिसत नाही त्यांनाच चुकवत होतो. पण कापडवाल्यानं मला नावानं हाक मारली.

सर जागीच थांबले. “अरे, मोहनभाऊ! कोथिंबीर मिळाली का?”

“मिळाली, सर.”

“आपली मंडळी कशी हायेत? चालू हाय ना समदं?”

“चालू आहे.”

“बस, चालू राहू द्या.” हसले. मी सुनेला विचारलं, सर दिवसभर काय करतात? विचारायला नको होतं. ती म्हणाली, “रेडिओ लावून बसतात. कंप्युटर तर केव्हाचा कपाटावर टाकलाय. ‘आता कुणाला लिहू,’ म्हणतात.”

घरी आलो आणि हे सगळं वहीत लिहिलं. यात माझी बाजू मांडलेली नाही, कारण ती नाही.

वही बायकोपुढं ठेवली. ती अडखळत शेवटपर्यंत वाचत गेली, मध्ये एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मग वही मिटून म्हणाली, “अहो, डोळे असून मला तुमचं अक्षर लागंना. सरांना हे कोण वाचून दाखवणार?”