पहिल्यांदा काय कराल?

आमच्या वॉर्डात कामाला नवा माणूस आला की मी त्याला एकच सांगतो, गळ्यात काही घालू नकोस. ओळखपत्राची पट्टीसुद्धा ओढली की मानेमागे सुटणारीच हवी. हे मला शिकवलं वर्ना स्टॅम्बॉनं, आणि तीच वर्ना त्या वसंतात जाड दोरीत ओवलेली अभ्यासाची कार्डं गळ्यात घालून हिंडत होती. अभ्यासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. होत असेल, पण आधी थोडा खुळावतो.

वर्ना आमची नर्स. पन्नाशीची, रुंद खांद्यांची. कोपर दोनदा मोडलेलं, पुढचा दात खोटा, ही सगळी रुग्णांची कृपा. वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरांत खाणी बंद पडल्यावर उरलं हे सरकारी मनोरुग्णालय आणि त्यात मार खाणारे आम्ही. डॉक्टर इथे टिकत नाहीत. शेवटचा पळाल्यापासून पडद्यावर एक डॉक्टर दिसतो आणि तिथूनच औषधं सांगतो. म्हणून वर्नानं मानसोपचार नर्सची वरची परीक्षा द्यायचं ठरवलं. ती पास झाली की नर्सला स्वतःच्या सहीनं औषध देता येतं. एकदा ती नापास झाली होती, आणि पुन्हा झाले तर पुस्तकं चुलीत घालीन म्हणाली होती.

नापास होण्याचं कारण आम्हीच. त्या परीक्षेत सारखं विचारतात, पहिल्यांदा काय कराल? रुग्ण खुर्ची उचलून उभा आहे, पहिल्यांदा काय कराल? वर्नाचं उत्तर, खुर्ची धरीन. पुस्तकाचं उत्तर, लांब उभं राहून शांतपणे बोला. माझ्यासारखाच वॉर्डबॉय असलेला बक, जो इतका धिप्पाड की दारातून तिरका होऊन आत येतो, तो म्हणायचा की पुस्तक लिहिणाऱ्याला एक दिवस इथे पाठवा, खुर्ची मी देतो.

मी तिला जेवणाच्या सुट्टीत प्रश्न विचारायचो. त्या दुपारी मांस भरलेला पेपरोनी रोल खाताखाता मी एक कार्ड वाचलं. रुग्णाचं औषध वाढवलं, आता तो एका जागी बसू शकत नाही, सारखा येरझारा घालतो, पाय थांबत नाहीत. पहिल्यांदा काय कराल?

"औषध कमी करीन," वर्ना तोंडातला घास न गिळताच म्हणाली. "ते वेड नाही, हार्लन. औषधच पायांत उतरलेलं असतं. लोकांना वाटतं बिथरलाय, म्हणून तेच औषध आणखी टोचतात. मग तो कातडी सोलून पळायला बघतो."

"बरोबर," मी म्हणालो आणि पुढचं कार्ड काढलं.

आणि समोर, काचेपलीकडे, रॉस्को येरझारा घालत होता. मी पाहत होतो, तीही पाहत होती.

रॉस्को पूर्वी ट्रक चालवायचा. डोकं फिरल्यावर त्यानं सख्ख्या भावाला पान्यानं बडवलं, भावाचा एक डोळा गेला. वॉर्डात तो फक्त वर्नाचं ऐकायचा. तिला मिस वर्ना म्हणायचा, तिच्या हातून गोळी घ्यायचा. त्याचं औषध वाढवल्यापासून मात्र तो जेवणही उभ्यानंच उरकत होता. आम्ही सगळे म्हणत होतो, बिथरलाय. पडद्यावरचा डॉक्टर म्हणाला, आणखी एक इंजेक्शन द्या.

सुट्टी संपली. वर्नानं हात धुतले, इंजेक्शन भरलं आणि ती त्याच्याकडे गेली. गळ्यातली कार्डं काढायची ती विसरली.

रॉस्को म्हणाला, "मिस वर्ना, नको. त्यानं माझे पाय जळतात."

"एकच, राजा. बरं वाटेल."

पुढचं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. त्यानं दोरी पकडली, मुठीला पीळ दिला आणि तिला जमिनीवरून उचललं. कार्डं फरशीवर विखुरली. वर्नाचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, मग ज्या रंगाचा झाला तो मला अजून जेवताना आठवतो. मी त्याच्या मनगटाला लोंबकळलो, त्यानं कपाळ मारून माझं नाक फोडलं. बकनं त्याला मागून आडवा केला. मी कमरेची, फास कापायला आम्हाला दिलेली कात्री काढून दोरी कापली, तिच्या मानेचं थोडं कातडंही कापलं गेलं. बक रॉस्कोच्या पाठीत गुडघा रोवून बसला होता, खालचा माणूस निळा पडत होता, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

वर्ना रांगत गेली. आवाज फुटत नव्हता. तिनं बकच्या मांडीला दात लावले, तेव्हा तो उठला. मग तिनं रॉस्कोला कुशीवर वळवलं आणि त्याचे पाय दोन्ही हातांनी धरून ठेवले. पाय फरशीवर पडल्यापडल्या चालतच होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. दुपारचं कार्ड मला तेव्हा आठवलं.

घसा बसलेला, म्हणून तिनं डॉक्टरला लिहून कळवलं की औषध कमी करा. डॉक्टर म्हणाला, नर्सचा गळा आवळणाऱ्याचं औषध मी कमी करणार नाही. तुम्हाला करायचं असेल तर पास व्हा आणि स्वतःच्या सहीनं करा.

औषध आणखी वाढलं. आगीत तेल. रॉस्कोला पट्ट्यांनी पलंगाला बांधलं, तर त्यानं घोटे रक्ताळून घेतले. सोडला त्या दिवशी त्यानं बकच्या कानाचा तुकडा तोडला आणि थुंकला. बकनं त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. अहवालात लिहिलं, न्हाणीत पडला. वर्नानं तो अहवाल फाडला आणि बकच्या तोंडावर म्हणाली, "पुन्हा हात लावलास तर तुझ्यावर मीच फिर्याद करीन." तिचा आवाज जात्यातून निघाल्यासारखा येत होता, तो तसाच राहिला.

परीक्षेला ती गळ्याला रुमाल बांधून गेली. मीच तिला चार्ल्सटनला नेलं. बाहेर आली ती गाडीत बसून नुसती रडली. मला वाटलं, गेली पुस्तकं चुलीत.

"पास झाले, निकाल लगेच दाखवतात," ती म्हणाली. "पाय न थांबणाऱ्याचा प्रश्न होता. बरोबर लिहिलं. तेव्हाही बरोबरच सांगितलं होतं रे."

लायसन्स हाती यायला उन्हाळा उलटला. तिच्या सहीचा पहिला कागद रॉस्कोचा, औषध निम्मं. बकनं तिच्याशी बोलणं सोडलं. मलाही पटलं नव्हतं, मी कात्री सोडून कुठे जात नव्हतो.

मग एके दिवशी रॉस्को जेवायला बसला. खुर्चीवर, पाय खाली टेकून, शिजवलेला घेवडा नि मक्याचा पाव संपेपर्यंत. वर्ना त्याच्यासमोर बसली, हात लांबवला तर पोचेल इतकी जवळ. मी कात्रीवर हात ठेवून उभा होतो. रॉस्कोनं तिच्या मानेवरचा व्रण बराच वेळ न्याहाळला. औषधाच्या त्या दिवसांतलं त्याला काही आठवत नव्हतं.

"मिस वर्ना, तुम्हाला हे कुणी केलं? नाव सांगा. मी त्याला मारून टाकतो."

वर्नानं त्याच्यापुढे पावाचा आपला तुकडा सरकवला.

"तू जेव," ती म्हणाली. "चूक माझी होती. उत्तर येत होतं, पण मी तुझ्याकडे पाहिलंच नाही."