बारक्या उपकारांच्या मावशी

“मोठ्या गोष्टींचे उपकार समदेच मानत्यात, बारक्यांचे कोन माननार?” असं म्हणून मावशी पदर डोक्यावर ओढायच्या आणि डोळे मिटायच्या. मग भाताचे उपकार, मिठाचे उपकार, धूर न करता पेटलेल्या लाकडाचे उपकार, आणि घाटातलं धुकं घरात शिरायच्या दिवसांत वाळलेल्या एका लुगड्याचेसुद्धा उपकार. आम्ही ख्रिस्ती माणसं आमेन म्हटल्याशिवाय घासाला हात लावत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. मावशींचं आमेन येईपर्यंत आमटीवर साय धरायची.

लोणावळ्याच्या मिशनशाळेत मी मास्तर होतो आणि त्या तिथल्या वसतिगृहात स्वयंपाकाला. माहेर आंदर मावळातलं. नवरा लवकर गेलेला, पदरी एकुलती एक मुलगी. एवढे उपकार मानायला तुमच्याकडे आहे तरी काय, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं की मास्तर, तुमच्याकडं न्हाई तरी काय. मी तसा कुरकुऱ्या माणूस. पगार, पाऊस, पोरांची अक्षरं, कशावरच खूश नसायचो. मावशींच्या चुलीपाशी बसलं की मात्र माझी कुरकुर जिरायची.

पहिलं महायुद्ध संपता संपता तापाची साथ आली. मावशींची मुलगी दवाखान्यात नर्सचं काम शिकत होती. रोग्यांचं करता करता तिलाच ताप भरला आणि आठवड्याच्या आत ती गेली.

मावशींच्या घरी प्रार्थनेला मंडळी जमली, नंतर पानं मांडली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब सज्जन माणूस, पण उपकार मानले की मावशींचं दुःख हलकं होईल असं त्यांच्या मनानं घेतलं. जेवणावर प्रार्थना मावशींनीच करावी आणि सर्व गोष्टींबद्दल उपकार मानावेत, असं त्यांनी सांगितलं. मावशींनी पदर ओढला. भाताचे उपकार मानले, मिठाचे मानले. मग थांबल्या.

“पोरीचं मला म्हनवत न्हाई,” एवढं बोलून त्या आमेन न म्हणताच उठून आत गेल्या.

आम्ही पत्रावळींसमोर हात जोडून बसलेले. प्रार्थना अर्धी, जेवावं कसं आणि उठावं तरी कसं? शेवटी पाळकसाहेबांनी पुटपुटत ती पुरी केली. मला पाळकसाहेबांचा राग आला, आणि देवाचाही आला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर मावशी रांधायच्या, वाढायच्या, पण स्वतः प्रार्थना न म्हणताच जेवायच्या. विश्वास उडाला म्हणे, अशी कुजबुज मंडळीत सुरू झाली. अशा बाईच्या हातचं पोरांनी का खावं, इथवर गोष्ट गेली. मला भीती वेगळीच होती. ही बाई उपकार मानण्यावरच उभी होती. तेच सुटलं तर ती जगणार कशावर?

कापणीचा सण आला. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं काही वेदीपुढे ठेवायचं आणि एक उपकार बोलून दाखवायचा, अशी आमची रीत. मावशी त्यासाठी माहेरी गेल्या होत्या; भावाच्या खाचरातली आंबेमोहोराची पेंढी घेऊन थेट आंदर मावळातून चालत आल्या. पेंढी ठेवली आणि तिथंच उभ्या राहिल्या. पाळकसाहेब खाली बघू लागले.

“देवबापा,” मावशी म्हणाल्या, “दिलीस त्येचे उपकार. नेलीस त्येचे न्हाईत. पुढं कवा म्हनता आलं, तर म्हनीन.”

आणि जागेवर जाऊन बसल्या.

काही वर्षांनी त्या कायमच्या माहेरी गेल्या आणि तिकडेच वारल्या. ते राहिलेले उपकार त्यांना म्हणता आले की नाही, कोणास ठाऊक. देवानं मात्र त्यांच्यामागे घाई लावली नसावी, असं मला वाटतं.