घोंगडीवरचे गुरुजी

पंढरीनाथ सरांचा वर्ग कसा होता, तर हिंदी मुलखातल्या शहरात अन्नपूर्णा मंदिराकडच्या त्या मराठी शाळेशेजारी भाजीबाजार भरलेला असायचा, तरी सरांच्या सहावीत पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू यायची. डस्टर टेबलावर एकदा आपटलं की पोरं श्वासही विचारून घेत. अशी एकतीस वर्षं!

यंदा नव्या मुख्याध्यापिका शलाका मॅडम म्हणाल्या, "सरजी, मुलांना चार-चारच्या गटात बसवा, बोलू द्या. शुक्रवारी मी बघायला येते. नाही जमलं तर सहावी विक्रांत सरांना देऊ, तुम्ही ऑफिस बघा."

ऑफिस? फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय सरांना दिवस उगवल्यासारखा वाटत नसे.

शुक्रवारी त्यांनी नाइलाजाने गट केले, अपूर्णांक दिले. दोन मिनिटांत नुसता गोंगाट! सरांनी डस्टर उचललं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "अरे भिया, पोहे की प्लेट समझ ना! अर्धी तू खाल्ली. उरलेल्यातली अर्धी मला दिली, तर मला पाव मिळाली!"

ही स्पृहा. जूनपासून सरांसमोर तिने तोंड उघडलं नव्हतं.

डस्टर हातातच राहिलं. सरांना रावेरकडची आपली खेड्यातली शाळा आठवली. चार इयत्ता, एक खोली, एकटे दगडू गुरुजी. ते चौथीकडे वळले की पहिलीला पाढे सांगायला दुसरीतलं पोर बसायचं, तेही गुरुजींच्या घोंगडीवर, आणि तेवढा वेळ सगळे त्यालाच 'गुरुजी' म्हणायचे. पंढरी पहिल्यांदा बसला तेव्हा घोंगडी पायांना टोचत होती, पण शाळा सुटली तरी पठ्ठ्या उठेना. शेवटी गुरुजींनी त्याला घोंगडीसकट उचलून ओट्यावर आणून ठेवलं! आणि कलकलाट काय असायचा त्या खोलीत! पारापर्यंत ऐकू जायचा.

विक्रांतने दारातून डोकं आत घातलं. "सर, आप हो अंदर? आवाज ऐकून वाटलं, छुट्टीवर आहात."

"हूँ ना भिया, जा तुम्ही."

सरांनी आपली खुर्ची उचलून कोपऱ्यात नेली. "बसा, स्पृहा गुरुजी. पोहे पुन्हा सांगा, सगळ्यांना." वर्ग खो खो हसला.

मॅडम आल्या तेव्हा खुर्चीत दोन वेण्यांची मुलगी, पाय अधांतरी, आणि सर बाकावर पोरांत दाटीवाटीने.

"सरजी, ये क्या?"

"थांबा मॅडम, गुरुजी शिकवतायत."

मॅडम बाकाच्या टोकाला टेकल्या.

सहावी सरांकडेच राहिली. विक्रांत मात्र अजून जाता-येता डोकावतो आणि विचारतो, "आज गुरुजी कोण?"