गुलफाम पेंटरची अर्धी पाटी

परतवाड्याच्या बाजारात गुलफाम पेंटरच्या हातची पाटी नसलेलं दुकान एके काळी शोधावं लागे. थोरले भाऊ अब्दुल सत्तार शिडीवर चढून कोळशानं अक्षरं आखत, गुलफाम खाली शिडी धरून उभे राहत, मग दोघं मिळून रंग भरत.

चौदा वर्षांपूर्वी ते एका भिंतीवर 'सत्यभामा वस्त्र भांडार' लिहीत होते. 'सत्यभा' एवढंच आखून झालं होतं. सत्तारभाईंच्या हातून कोळसा पडला, तो उचलायला गुलफाम वाकले आणि तेवढ्यात भाऊ खाली कोसळले. ते वाचले नाहीत. शिडी आपण सोडली, हे गुलफामनी मनाशी पक्कं धरलं. पुन्हा ब्रश हाती घेतला नाही. बसस्टँडजवळ चपला विकू लागले आणि भावजय नसीमबानोंच्या दारात जाणं टाळू लागले.

यंदाच्या सुट्टीत गुलफामची मुलगी जेबा मोबाइलवर ठोकळ्यांनी गाव बांधायचा गेम खेळत होती. अमरावतीच्या काही कॉलेजवाल्यांनी त्यात जुना परतवाडा उभा केला होता. गेममध्ये लाकूड भट्टीत जाळलं की कोळसा मिळतो आणि त्यानं भिंतीवर लिहिता-काढता येतं, हे ऐकून गुलफाम कौतुकानं पाहायला बसले. स्वतःच्या दोन-तीन पाट्या ओळखून हसलेही. मग जेबा बाजाराच्या कोपऱ्यावर वळली.

भिंतीवर कोळशानं 'सत्यभा' लिहिलं होतं. पुढं कोरी भिंत.

गुलफामनी मोबाइल तिच्या हातून ओढून घेतला. खरी भिंत तर अपघातानंतर आठवड्याच्या आत चुन्यानं पोतली होती. तिचा फोटोसुद्धा कोणी काढला नव्हता. शेजारी एक शिडी काढलेली, तिची वरची पायरी मधोमध मोडलेली. जेबा घाबरली. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की हे कोणी काढलं ते विचार.

काढलं होतं त्या कॉलेजवाल्यांपैकीच एका वर्षालीनं. त्या कापड दुकानासमोरच्या डॉक्टरांची ही मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. जेबानं तिला फोन लावून दिला.

"काका, मी खिडकीतून पाहून राहिली होती," वर्षाली म्हणाली. "पायरी मोडली म्हणून ते पडले."

"मी वाकलो होतो ना पण?"

"वाकले होते. पण तुमचा एक हात शिडीवरच होता. मी घरी सांगितलं होतं, पण लहान पोरीचं कोण ऐकते?"

गुलफामनी तेच तिला आणखी दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं.

संध्याकाळी ते नसीमबानोंकडे गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"मोडकी शिडी लोकांनी माझ्याच अंगणात आणून टाकली होती," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तुले माहीत हाये. तू काहून येत नाही, हेच मले समजत नव्हतं."

गुलफाम तिथंच ओट्यावर खाली बसले. नसीमबानो पाणी आणायला आत गेल्या, तरी ते रिकाम्या दाराकडे पाहत होते.