दमवणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंनी मला जितकं दमवलं तितकं आयुष्यात कोणीही दमवलेलं नाही; आणि यात मी माझी बाळंतपणं, माझ्या सासूबाई आणि इतक्या पावसाळ्यांतली भाताची लावणीही धरली आहे. झालं असं की माझी साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. हे मी फोनवर पुण्याच्या लेकीला सांगितलं, लेकीने ते तिच्या सासूला सांगितलं, आणि सासू आमच्याच तारकर्लीत, दोन वाड्या पलीकडे राहणारी. दुसऱ्या दिवशी उजाडतं न उजाडतं तोच विहीणबाई पदर खोचून आमच्या खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, हजर. मी मुलीची आई. विहिणीला नाही म्हणण्याची सोय आमच्या पिढीला कोणी ठेवलेली नाही. मी निमूट चपला घातल्या.

मला वाटलं, चालून येऊ आणि सुटू. पण नुसतं चालणं विहीणबाईंना मान्यच नव्हतं. त्यांचं एक शास्त्र होतं. “अंगाक सगळा कळता,” त्या म्हणायच्या, “आपल्याक खेळवतत की राबवतत ता.” म्हणून व्यायाम मजेचाच हवा, आणि तोही उघड्यावर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला किनाऱ्यावर रापण ओढायला लावली. समुद्रात टाकलेलं ते लांबलचक जाळं पंधरावीस गडी दोन्हीकडून दोर धरून, मागे मागे सरकत, काठावर आणतात. त्यांच्यात विहीणबाई घुसल्या, मागे मी. गडी आधी हसले, मग त्यांनीही जागा करून दिली. जाळं वर आलं तेव्हा माझ्या तळहातांची सालं निघाली होती आणि कमरेने संप पुकारला होता. विहीणबाईंच्या ओंजळीत मात्र हिश्शाचे बांगडे होते. शहरात लोक पैसे भरून लोखंड उचलतात, हे आठवून त्यांनी शांतपणे विचारलं, “थंय बांगडे मेळतत?”

मग पोहणं आलं. साठी उलटल्यावर त्यांना पोहायला शिकायचं होतं आणि तेही सोबतीने. लहान पोरांच्या पाठीला बांधतात तसे सुके नारळ आम्ही दोघींनी पाठीला बांधले आणि पंजाबी ड्रेस घालून खाडीच्या उथळ पाण्यात उतरलो. माझे नारळ तरंगत होते, मी नव्हते. त्यानंतर सायकल. विहीणबाईंना ती चालवता येत होती, थांबवता येत नव्हती. ओळखीचं माडाचं झाड आलं की त्या त्याला मिठी मारायच्या. मी कॅरिअरवर बसलेली असायचे, म्हणजे व्यायाम त्यांना आणि मार मला. घरी आले की आमचे हे विचारायचे, आज काय केलंत. मला उत्तर देण्याचंही त्राण नसायचं. साखर थोडी उतरली खरी, पण तिच्याबरोबर मीही उतरले होते. रोज रात्री ठरवायचे, उद्या स्पष्ट सांगायचं. रोज सकाळी खळ्यात हाक यायची आणि मी चपला शोधायचे.

शेवटी होडीचा दिवस उजाडला. होडी त्यांच्या पुतण्याची, लहानशी. बेत असा की ओहोटीबरोबर कर्ली खाडीतून खाली जायचं आणि भरतीबरोबर वर यायचं. पण नुकतीच पौर्णिमा झालेली, पाण्याला ओढ भारी, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. होडी जी सुटली ती मुखाकडेच धावू लागली. विहीणबाईंनी जोर लावून वल्हं मारलं, पुन्हा मारलं, आणि मग एकाएकी त्यांचे हात थांबले. तोंड पांढरं पडलेलं. एक हात छातीवर. त्या काही बोलेनात, आणि त्या गप्प बसल्या याचीच मला जास्त धास्ती वाटली.

मी वल्हं घेतलं. मला वल्हवता येत नाही. पण विहिरीचं पाणी ओढायचं मला ठाऊक होतं, तसं ओढत राहिले. समोर समुद्राची पांढरी रेघ दिसत होती. किती वेळ गेला देव जाणे. होडी कडेच्या वाळूच्या पट्ट्यावर खरखरत चढली आणि थांबली. मी त्यांना पाणी पाजलं, पदराने वारा घातला. हळूहळू तोंडावर रंग आला. भरती येईपर्यंत तिथून हलणं शक्य नव्हतं. दोघी ओल्या वाळूत बसून राहिलो.

मी पहिल्यांदाच विचारलं, कशासाठी चाललंय हे सगळं? माझी साखर तर आता ठीक आहे.

त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या घरात बोलाक माणूस आसा. माझे गेल्यापासून माका घर खावक येता. म्हातारी बायलमाणूस एकटी भटकता म्हटल्यार लोक नावां ठेवतत. व्यायाम करता म्हटल्यार कोण काय बोलत नाय.” थोडं थांबून म्हणाल्या, “आणि एकट्यान मजा येणा नाय.”

मी त्यांच्या पायांवरची वाळू झटकत राहिले.

पाणी चढल्यावर एका मच्छीमाराने त्याच्या यांत्रिक होडीला दोर बांधून आम्हाला परत आणलं. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती आणि गावाच्या आधी पुण्यात. त्याच आठवड्यात जावई येऊन आईला घेऊन गेले. तिकडच्या डॉक्टरांना हृदयात काहीच दोष सापडला नाही, तो दिवस नुसत्या थकव्याचा आणि भीतीचा होता म्हणे. तरी जावयांनी त्यांना परत पाठवलं नाही. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही.

आता कोणी मला पहाटे उठवत नाही. हवी तेवढी विश्रांती मिळते, आणि तिने का कोण जाणे, थकवा जात नाही.

परवा संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. तिथे सोसायटीच्या बागेत सगळे गोल गोल फिरतात म्हणाल्या, आणि कोणी कोणाशी बोलत नाही, कानांत वायरी घातलेल्या असतात. मग विचारलं, “खाडीक आता भरती असतली मां?”

आमच्या घरातून खाडी दिसत नाही. मी बघून सांगते म्हटलं आणि फोन कानाला लावूनच निघाले. माडांतून वाट वाळूची, पाय रुततात. मला धाप लागलेली त्यांना तिकडे ऐकू गेली असावी.

“सावकास चला,” त्या म्हणाल्या. “पाणी खंय पळान जाणा नाय.”

काठावर पोचले. पाणी चढत होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला नाही. आणि मीही तो कानाला लावून अंधारेपर्यंत तिथेच उभी राहिले.