उरलेल्या गोळ्या

भट्टीवर काम करणाऱ्या बाईला चटक्याचं कौतुक नसतं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तपकिरी डाग होते. तापलेला पत्रा लागला की ती 'हं' एवढंच म्हणायची आणि पुढचा पत्रा ओढायची. बेकरीत तिला गेंडा म्हणत. त्यामुळे सिझेरियन ठरलं तेव्हा नवरा फारसा घाबरलाच नाही.

ऑपरेशन झालं. कमरेतल्या इंजेक्शनचा अंमल होता तोवर पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून होते. मुलगी दाखवली, तीही तशीच दुसऱ्या कुणाची वाटली. "छान आहे," ती म्हणाली, शेजाऱ्यांचा नवा फ्रीज बघून म्हणावं तसं.

अंमल उतरण्याआधीच सिस्टर गोळ्या घेऊन आली. या दोन साध्या गोळ्या, दुखो न दुखो, वेळच्या वेळी घ्यायच्या, म्हणजे कळ डोकं वर काढत नाही. त्यांनी भागलंच नाही तर एखादी जालीम गोळी, तीही मोजून. पूर्वी सरसकट द्यायचो, आता तसं करत नाही, असं सिस्टरने नीट समजावलं. पण 'जालीम' शब्द कानावर पडला आणि हिने तोंड मिटलं. साध्या गोळ्यासुद्धा बाजूला सारल्या.

कारण होता दादा. तिचा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. अपघातात मणका मोडला तेव्हा त्याला त्याच जातीच्या गोळ्या दिल्या होत्या. मणका सांधला, गोळ्या सुटल्या नाहीत. घास हातात धरून तो बसल्या जागी झोपायचा. आईच्या कपाटातल्या वस्तूंना पाय फुटायचे. पुढे उपचार घेऊन तो सावरला, पण दुधाने तोंड पोळलेलं घर ताकही फुंकूनच पिणार.

दुसऱ्या दिवशी तिला उठवायला आले. उशी पोटाशी घट्ट धर, कुशीवर वळ, मग पाय खाली सोड. ती वळलीच नाही. खोकल्याची उबळ आली तरी टाक्यांवर कुणी उभं राहिल्यासारखं होत होतं. पाळणा हाताच्या अंतरावर होता आणि मुलगी रडत होती. ही छताकडे बघत पडली होती. वाईट वाटायला हवं हे तिला कळत होतं, पण वाटत काहीच नव्हतं.

"दुखणं अंगावर काढलं म्हणून इथे बक्षीस मिळत नाही, बाई," सिस्टर म्हणाली आणि मुलीला उचलून घेऊन गेली.

दुपारी नवऱ्याने दादालाच बोलावून आणलं. तो खुर्ची भिंतीला लावून, जरा लांबच बसला. बराच वेळ त्याने रस्त्याचं, पार्किंगचं काहीबाही सांगितलं. मग विचारलं, "माझ्यामुळे घेत नाहीस ना?"

तिने बाजूला सारलेल्या गोळ्यांकडे बघितलं.

"दुखायचं थांबलं तरी मी घेत राहिलो. तुझं अजून थांबलेलं नाही. यात फरक आहे."

"आणि मीही तशीच झाले तर?"

"घरी किती न्यायच्या ते सिस्टरला विचार. गोळ्यांचं पाकीट नवऱ्याकडे दे. उरतील त्या परत कर." तो उठला. "फक्त मी इथे असताना ते पाकीट बाहेर काढू नकोस."

तो गेल्यावर तिने साध्या गोळ्या घेतल्या, आणि त्या दिवसापासून वेळेवर घेत राहिली. पहिल्यांदा चालायच्या आधी एक जालीम गोळीही घेतली. तिला काही सुख वाटलं नाही, थोडी मळमळ झाली. पोटाशी उशी धरून ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, आणि मुलीला मांडीवर ठेवायला सांगितलं. मुलगी जड होती. माया दाटून वगैरे आली नाही. मुलीच्या कानाची पाळी दुमडली होती, ती तिने बोटाने सरळ केली.

घरी न्यायला दिलेल्या जालीम गोळ्यांपैकी तिने एकच घेतली. बाकीच्या नवऱ्याने हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात परत नेऊन दिल्या. संध्याकाळी दादाचा फोन आला.

"दिल्या?"

"दिल्या."

मग त्याने मुलगी काय करते म्हणून विचारलं. झोपलीय, ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून पाळण्यापाशी बघायला गेली.