वंशावळी आणि गार भाकरी

सोलापुरात आमच्या ख्रिस्ती घरी जेवणाआधी प्रार्थना असे आणि बाबा बायबल ओळीनं वाचत. गोष्टी आल्या की बरं वाटे, पण जुन्या करारातल्या वंशावळी आल्या की जीव नको होई. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला! तोवर भाकरी गार आणि पिठल्याचा गोळा.

"आज हे तेवढं सोडा की," आई म्हणे.

"देवानं एकाचंही नाव गाळलं नाही, मी कोण गाळणार?" हे बाबांचं ठरलेलं उत्तर.

एकदा आम्ही अक्कलकोटकडे काकांच्या गावी गेलो. बाबांनी धर्म बदलला होता, काका हिंदूच राहिले होते. त्यांच्या दारात बैल घेऊन हेळवी आला होता. घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायची आणि धान्य न्यायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. मूळपुरुषापासून घडाघडा म्हणत तो आजोबांपर्यंत आला आणि म्हणाला, "तेच्या पोटी ल्योक येकच."

बाबा समोर उभे होते! माझं डोकंच फिरलं.

घरी परतल्यावर त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा वंशावळीचाच अध्याय काढला. पोटात कावळे ओरडत होते, पण 'सोडा की' म्हणायला आईची जीभ रेटेना, आणि माझीही.